कास आटलेली होती

१

रोज सकाळी सातला मी खाली उतरते. बारा पायऱ्या, मग जुन्या खाटीकखान्याच्या पांढऱ्या फरश्या, मग थंड खोलीचं जाड दार. दाराशेजारी तापमानाचा काटा आहे, तो दोन ते चार अंशांत हवा. आत शिरायचं, पंखा फिरतोय ना ऐकायचं, वास घ्यायचा, मांसाला बोट लावून ते कोरडं आहे ना बघायचं, वहीत वेळ लिहायची आणि बाहेर. चार मिनिटांचं काम. नागेश म्हणतो, आता कशाला जातेस, झालं ना सगळं. म्हणू दे त्याला.

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई वेडी आहे.

मी ऊर्मिला शेंडगे. शिरवळला शिकून जनावरांची डॉक्टर झाले, सात वर्षं फलटण तालुक्यात गाई-म्हशी बघितल्या. मग लग्न आणि जर्मनी. नागेश न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर. आम्ही राहतो शहरापासून चाळीस मिनिटांवरच्या खेड्यात. घरमालक हेर, म्हणजे श्रीयुत, गाइगर, वय चौऱ्याहत्तर. त्यांचे वडील खाटीक होते, खाली त्यांचं दुकान होतं. दुकान केव्हाच बंद झालं, पण थंड खोली गाइगरांनी चालू ठेवली, कारण मागच्या जंगलात शिकारीचा हक्क त्यांचा आणि शिकार टांगायला जागा लागते. माझी डिग्री इथे अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. अख्ख्या देशात मला 'फ्राउ डॉक्टर' म्हणणारा एकच माणूस, हेर गाइगर. आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

नागेशने शिकारीचा परवाना काढला तो काही मांसासाठी नाही. चार वर्षं गावात कोणी 'ग्र्युस गॉट' या नमस्काराच्या पुढे गेलं नव्हतं. हा बाबा दोन वर्षं अभ्यास करून परीक्षा पास झाला, गाइगरांनी त्याला जंगलात यायची परवानगी दिली, आणि त्या रविवारी गावच्या खाणावळीत लोकांनी सरकून त्याला बाकावर जागा दिली. घरी आला तेव्हा चेहरा असा फुललेला! म्हणाला, "ऊर्मिला, आता आपण इथले झालो गं."

आणि आमची ऋचा, पाच वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

२

२०१६चा नोव्हेंबर, गुरुवार. नागेश पहिल्यांदाच एकटा गेला होता, गाइगरांची कंबर धरली होती म्हणून. संध्याकाळी साडेपाचला हरिणी घेऊन आला. या बाजूची ही जात लहानखुरी, आपल्याकडच्या शेळीएवढी. आतडी-कोथळा त्याने तिथेच काढला होता. तोंडात फरच्या झाडाची डहाळी खोचलेली. ही इथली रीत, मेलेल्या जनावराला शेवटचा घास द्यायचा. मला ती रीत बरी वाटते.

पुढचं काम माझं. मांस लवकर थंड व्हायला हवं, पण एकदम गोठायला नको, नाहीतर चामट होतं. पाणी लावायचं नाही, फक्त पुसायचं. छाती काडीने उघडी धरायची, म्हणजे हवा खेळते. मागच्या पायांनी उलटं टांगायचं, कातडं तसंच ठेवायचं, पाच दिवस मुरू द्यायचं. आणि मादी असेल तर कास आधी कापून काढायची, कारण दूध मांसाला लागलं तर मांस नासतं.

मी कास हातात धरली आणि माझा अंगठा ओला झाला. दूध होतं. ताजं, पांढरंशुभ्र.

इथला एक नियम तुम्हाला सांगायला हवा. आई आणि पाडस बरोबर असतील तर आधी पाडस मारायचं, मग आई. ऐकायला राक्षसी वाटतं, पण आई गेल्यावर पाडसाचे थंडीत हाल हाल होतात, म्हणून. फक्त आईला मारून येणाऱ्या माणसाला इथे कोणी परत जंगलात पाऊल टाकू देत नाही.

"नागेश, पाडस होतं का रे हिच्याबरोबर?"

"नाही गं. एकटीच होती." तो हात धूत होता. मागून मला त्याचे कान दिसत होते, लालबुंद झालेले.

तेवढ्यात हेर गाइगर काठी टेकत आले. हरिणीभोवती फिरले, नागेशच्या पाठीवर थाप मारली आणि मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, "कास कशी होती, फ्राउ डॉक्टर?"

कास माझ्या मागच्या बादलीत होती. मी म्हटलं, "आटलेली होती."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारा समाधानाने म्हणाला. "तुम्ही बघितलं म्हणजे प्रश्नच नाही."

३

शुक्रवारी सकाळी काटा तीनवर. वास स्वच्छ, कातडं कोरडं. खाली फरशीवर रक्ताचे दोन वाळके ठिपके. आणि त्यांच्या शेजारी एक पांढरा थेंब.

मी उकिडवी बसले. चरबी असेल म्हटलं. फरशी धुवायच्या औषधाचा असेल. छतावरचं पाणी चुना घेऊन खाली आलं असेल. हरिणीची कास मी स्वतःच्या हाताने कापून जाळायला टाकली होती, त्यामुळे ते दूध नव्हतं, संपला विषय. मी पुसलं आणि वर गेले.

ऋचा पोह्यांच्या बशीसमोर बसली होती. तिने चमचासुद्धा उचलला नव्हता.

"काइन हुंगर," ती म्हणाली. भूक नाही.

"भूक नाही म्हणजे काय? काल रात्रीपण तू दोनच घास खाल्लेस. हात लाव बघू!"

"डॉख, जेवलेय की मी," ती जर्मनमध्ये म्हणाली आणि खिडकीकडे बघत राहिली.

शनिवारी फरशीवर थेंब नव्हता, थारोळं होतं. बशीएवढं. मी बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. ते कोमट होतं. तीन अंशांच्या खोलीत लोखंड बर्फासारखं लागतं, आणि हे कोमट. मी सात वर्षांत हजारो कासा हाताळल्यात. पान्हा कसा लागतो बोटाला, हे मला कोणी शिकवायला नको.

मी काय केलं असेल? कुणाला बोलावलं नाही. स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी आणून खाली ठेवली. उद्या भरलेली सापडली तर तपासू म्हटलं, डॉक्टर आहे ना मी.

रविवारी सकाळी वाटी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, चाटून लख्ख केलेली. फरशीवर लहान मोज्यांचे ठसे होते, दारापासून वाटीपर्यंत.

४

त्याच दुपारी ते मला दिसलं. साडेतीन-चारची वेळ, इथे तेव्हाच अंधारून येतं. बागेच्या टोकाला कुंपणापाशी पाडस उभं होतं. बरगड्या मोजता येतील इतकं वाळलेलं. पळत नव्हतं, चरत नव्हतं, नुसतं घराकडे तोंड करून उभं. मध्येच बारीक शीळ घातल्यासारखा आवाज काढायचं.

मागे ऋचा खिडकीच्या कठड्यावर बसली होती. पाडसाने आवाज काढला की ही मान ताठ करायची. रस्त्यावरून गाडी गेली आणि दोघंही गोठल्यासारखी झाली, कुंपणाशी ते, खिडकीत ही. पापणीसुद्धा हलेना.

मी नागेशला गॅलरीत ओढलं. "ते बघ. आता सांग, एकटी होती?"

तो कुंपणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "होतं गं. शेजारीच होतं. मला आधी दिसलं नाही. शप्पथ, गोळी सुटल्यावर दिसलं. ते पळालं नाही, तिच्याजवळच उभं राहिलं. मला दुसरी गोळी घालवेना, ऊर्मिला. एवढंसं पोर होतं."

"मग गाइगरांना तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आणि तू? तू का नाही सांगितलंस?"

मी विषय बदलला. वाटीचं आणि मोज्यांचं सांगितल्यावर तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "पोरगी फ्रिजमधलं दूध सांडत असेल गं. मंगळवारी मांस कापू, पाकिटं करू, खोली बंद. दोनच दिवस आहेत. आत्ता सांगितलं तर चार वर्षांचं सगळं पाण्यात जाईल."

मी थंड खोलीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

५

सोमवारी बालरोगतज्ज्ञांकडे ऋचाची पाच वर्षांची ठरलेली तपासणी होती. मी रात्रभर धसका घेतलेला. चार दिवस पोरगी माझ्या हातचं काही खात नव्हती. किटातल्या, म्हणजे बालवाडीतल्या, बाईंनीही चिठ्ठी पाठवली होती, शुक्रवारी डबा तसाच परत आला म्हणून. वजन किती उतरलं असेल, याचाच हिशोब चालला होता.

गेल्या आठवड्यात घरी केलं होतं त्यापेक्षा वजन दीड किलोने वाढलं होतं.

"प्रीमा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगाने छान भरतेय. काय देता हिला?"

घरी आल्यावर मी कपडे मशीनला लावत होते. पाच मिनिटं, जास्त नाही. वळले तर ऋचा नाही. खोलीत नाही, बाथरूममध्ये नाही. जिन्याचं दार उघडं.

मी बारा पायऱ्या कशा उतरले देव जाणे. कुलूप जागेवर होतं, बंद. किल्ली माझ्या गळ्यात. आणि दाराला कान लावला तर पंख्याच्या घरघरीखाली दुसरा आवाज. तो मी ओळखते. गोठ्यात वाढलेली कुठलीही बाई ओळखेल. वासरू पितं तेव्हाचा आवाज.

मी कुलूप काढलं.

ऋचा आत होती. हरिणीला लागून चवड्यांवर उभी, हनुवटी वर, तोंडाभोवती पांढरं. मी तिला उचललं. तीन अंशांत नुसत्या मोज्यांवर उभी असलेली पोर, पण अंग गरम, ताप नसताना असतं तसं छान गरम. तिचे केस ओले होते. मानेपासून कपाळाकडे, सगळे एकाच दिशेने, चापूनचोपून बसवलेले.

ताज्या वासराचे केस असे दिसतात. गाय त्याला पहिल्यांदा चाटते ना, तेव्हा. चाटून झालं की ते तिचं झालं. मग दुसरं कुठलं ती जवळ येऊ देत नाही.

मी हरिणीकडे बघणार नव्हते. पण जाता जाता नजर गेली. उलटं लोंबणारं डोकं बरोबर ऋचाच्या डोक्याच्या उंचीला होतं. तोंडातली फरची डहाळी नव्हती. गुरुवारपासून जीभ एका बाजूला लोंबत होती, वाळून काळी पडलेली. आता ती गुलाबी होती आणि ओली.

मी दार लावलं आणि गाइगरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणजे पाडसाचं आणि कासेतल्या दुधाचं. बाकीचं कोणाला सांगणार?

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग म्हातारा म्हणाला, "आल्झो, बरं. उद्या येतो. आज धुकं आहे." आणि फोन ठेवताना, "आभारी आहे, फ्राउ शेंडगे."

फ्राउ शेंडगे. इतकं लागलं मला ते! पोरीची अशी अवस्था, आणि मला ते लागलं.

६

आमच्याकडे गाईचं वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यासमोर उभं करतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. आईला फसवता येतं, हे मी लहानपणापासून बघितलंय. मला वाटलं, या आईला फसवायचीही गरज नाही. तिचं पोर तिच्याशेजारी टांगलं की ती माझं सोडेल. हा विचार मी केला, मीच केला, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मंगळवारी नागेशने रजा टाकली. ऋचाला किटात पाठवलं नाही. दुपारी बाराला मी मऊ भात केला, वर तूप, आईने फलटणहून पाठवलेलं मेतकूट, मीठ. मांडीवर घेऊन तिला भरवायला बसले. चिऊचा घास, काऊचा घास, सगळं केलं. ती तोंड मिटून बसली. मग मी जनावराला गोळी देतात तसं केलं, जबडा धरला, घास आत, नाक दाबून गळा चोळला. ती रडली, मीही रडले, पण आठ घास गेले. प्रत्येक घासाला मी तोंड उघडून जिभेखाली बघितलं. आठच्या आठ पोटात गेले.

त्यानंतर मी तिला मांडीवरून उतरू दिलं नाही. एक क्षणही नाही. हे मी कोणाच्याही पायावर हात ठेवून सांगेन.

पावणेचारला ओढ्याच्या बाजूने गोळीचा आवाज आला. एकच. मी दचकले. ऋचा दचकली नाही. ती अंग ताठ करून बसली, डोळे मोठे, श्वास बंद. मग हळूहळू सैल झाली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हुंगर."

भूक! मी तिला घट्ट आवळलं, आणि खाली गाइगरांची गाडी वाजली तशी नागेशच्या हातात दिलं, "हिला वाढ काहीतरी, मी आलेच," म्हटलं आणि खाली पळाले. पायऱ्यांवर मी चक्क हसत होते.

७

गाइगरांनी पाडस फरश्यांवर ठेवलं होतं. तोंडात डहाळी. कोथळा वेगळ्या बादलीत.

"चांगलं मेलं," ते म्हणाले. "त्याला कळलंही नाही. पण पोट जरा फुगलेलं वाटतंय. बघता का? मांस खायचं म्हणजे आजार नको." मग चष्मा काढत म्हणाले, "तुम्ही बघितलेलं बरं, फ्राउ डॉक्टर."

मी हातमोजे चढवले. उपाशी पाडसाच्या पोटात काय असणार, साली, सुकं गवत, गढूळ पाणी. बादलीतल्या कोथळ्यावर सुरी फिरवली.

आधी वास आला. हिंग, भाजलेली डाळ, सुंठ. मग सुरीच्या कडेने मऊ पिवळा भात बाहेर आला. अजून वाफाळत होता. वर तुपाचा तवंग होता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. बागेत कोणी टाकला असेल म्हटलं. कोणी? पातेलं वर ओट्यावर झाकलेलं होतं. आणि आठ घास गेले ते माझ्या डोळ्यांदेखत गेले.

हेर गाइगर चष्मा पुसत होते. "काय? ठीक आहे ना सगळं?"

मी बादलीवर झाकण ठेवलं.

"सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "गवत आहे."

"गेनाऊ," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

ते गेल्यावर मी पेटीतून सुई-दोरा काढला आणि तो कोथळा शिवला. बारीक टाके घातले, दिसणारही नाहीत असे. का ते मला विचारू नका. मग पाडस हरिणीशेजारी टांगलं, पाठ तिच्याकडे करून.

वर नागेश माझ्याकडे पाठ करून भात गरम करत होता आणि आनंदाने बोलत होता. "बघ, म्हटलं नव्हतं तुला? तू खाली गेल्यापासून भूक भूक करतेय. उगाच घाबरलो आपण."

टेबलावर नाताळाआधी लावतात ते फरच्या डहाळ्यांचं कडं होतं, चार मेणबत्त्यांचं. रविवारीच मी ते मांडलं होतं. त्याची अर्धी बाजू उघडी पडली होती, आतली तार दिसत होती. ऋचा जबडा आडवा हलवत शांतपणे चावत होती. मी दारात आले तशी ती थांबली. मान ताठ झाली. माझ्याकडे बघत राहिली, मी पुढे येते की मागे जाते, एवढंच बघत.

८

फरशीवर दूध येणं त्या दिवसापासून बंद झालं. हरिणीचं मांस नागेशने कापलं, गावात वाटलं, लोकांनी कौतुक केलं. पाडसाला मी हात लावू दिला नाही. ते अजून मुरायचंय, असं सांगते.

ऋचा खाते आता. सॅलड, गाजरं, सफरचंद सालीसकट. किटात म्हणतात, किती शांत झाली मुलगी. मराठी बोललं की ती माझ्या तोंडाकडे बघते, पण कळल्याचं दिसत नाही. मी केस विंचरायला गेले की अंग चोरते. नागेश म्हणतो, मोठी होतेय गं. त्याला रविवारी बाकावर जागा मिळते.

मी सकाळी सातला खाली जाते. सांगितलंच तुम्हाला, काटा बघायला. जाताना एक स्टीलची वाटी नेते. तूप, मीठ, मेतकूट, भात मऊ. पाडसाच्या खाली ठेवते. आदल्या दिवशीची वाटी उचलते. ती रोज रिकामी असते.

आज अकरावा दिवस. हेर गाइगरांना नाताळच्या शिकारीसाठी खोली रिकामी हवी आहे. मी म्हटलं, अजून थोडे दिवस द्या. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, फ्राउ डॉक्टर.

आज काटा दोनवर आहे. मी दोनदा हात वर नेला बटणाकडे, दोनदा मागे घेतला. काटा वर करता येत नाही. वर केला तर ती नासेल, हे माझ्याइतकं कोणाला कळतं? पण दोन अंशांत पोरीला थंडी वाजतच असणार. म्हणून आज वाटीबरोबर स्वेटरपण घेतलाय. लाल, पुढे गुंड्यांचा. ऋचाचा.